हिऱ्यातल्या लाल रेघा

संचालकांनी चष्मा पुसला, अहवालाचा कागद डोळ्यांपासून हातभर लांब धरला आणि मुख्य निष्कर्ष उभे राहून वाचला.

"'वाढीच्या संपूर्ण कालावधीत प्रक्रिया-कक्षात संबंधित संशोधिकेखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीने प्रवेश केलेला नाही. सबब, स्फटिकात आढळलेल्या अशुद्धीस संबंधित संशोधिकेची सदोष हाताळणीच जबाबदार आहे.'"

मग ते बसले. खुर्चीने सुस्कारा सोडला. समितीच्या वतीने त्या दिवशी व्यक्त झालेली ती एकमेव भावना.

वाक्ये दोन होती आणि दोन्ही निरखून पाहण्याजोगी होती. पहिले खोटे होते. ते खोटे आहे हे टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला ठाऊक होते, आणि प्रत्येकाला ठाऊक आहे हेही प्रत्येकाला ठाऊक होते; संस्थांमध्ये यालाच एकमत म्हणतात. दुसऱ्या वाक्याला खोटे ठरण्यापुरताही स्वतःचा आधार नव्हता. ते पहिल्याच्या खांद्यावर बसून आले होते. कारभाराच्या भाषेने 'म्हणून' या अर्थी 'सबब' हाच शब्द का पसंत केला असावा, हे अशा ठिकाणी नीट कळते.

संबंधित संशोधिका टेबलाच्या टोकाला, पाण्याच्या रिकाम्या जगाशेजारी बसल्या होत्या. संस्थेत त्यांना भट्टीवाल्या बाई म्हणत. वास्तविक त्यांच्या यंत्रात भट्टी नव्हती, कोळसा नव्हता, जाळ नव्हता. पातेल्याएवढ्या पोलादी डब्यात हायड्रोजन आणि किंचित मिथेन सोडायचा, त्यावर सूक्ष्मलहरींचा मारा करायचा. वायूचा जांभळट, तेजस्वी गोळा होतो, आणि खाली बीज म्हणून ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनचे अणू थरावर थर बसत जातात. तासाभरात केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतके. लोकांची मुले याहून लवकर मोठी होतात, आणि मध्येच कोणी दार उघडले म्हणून बिघडत नाहीत.

हा हिरा कोणाच्या बोटात जायचा नव्हता. तो कर्करोगाच्या रुग्णालयात, किरणांचा झोत मोजणाऱ्या उपकरणात बसायचा होता. झोत किती, हे हिऱ्याने सांगायचे आणि त्यावरून रोग्याला किती द्यायचा ते डॉक्टरांनी ठरवायचे. त्यासाठी हिरा निखळ हवा. त्यात नायट्रोजन शिरला, म्हणजे साधी आपण श्वासात घेतो ती हवा शिरली, की तो खोटे बोलू लागतो. रुग्णालयातला भौतिकतज्ज्ञ अधूनमधून फोन करून विचारी, "आमचं बाळ कसं आहे?" आणि बाई सांगत, "वाढतंय." आता बाळ बाहेर आले होते आणि त्याच्यावर तपकिरी झाक होती.

अहवालावर बाहेरच्या परीक्षकांची सही व्हायची तेवढी बाकी होती. ती झाली की यंत्र नव्या क्वांटम केंद्राकडे जाणार होते आणि बाई जुन्या उपकरणांच्या भांडाराची देखरेख करायला तळघरात. केंद्राचे नियोजित प्रमुख संचालकच होते. योगायोगांना संस्थेत नेहमीच चांगली जागा मिळे.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" प्रशासन अधिकाऱ्यांनी विचारले. समितीचे इतिवृत्तही तेच लिहीत.

"कक्षाची दुसरी किल्ली कोणाकडे असते?"

"कार्यालयात."

"कोणाच्या?"

"कार्यालय संस्थेचं असतं, बाई."

"आणि रोज दुपारी मी जेवायला गेले की कक्षाचं दार कोण धरून उभं असतं?"

प्रशासन अधिकाऱ्यांनी पेनाचे टोक निरखले. दार तेच धरीत.

"नोंद घेतली," ते म्हणाले, आणि काहीही लिहिले नाही.

बाई संचालकांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही वाढ चालू असताना आत कधीच आला नाहीत?"

"दारावर नियम लावलाय ना?"

"लावलाय."

"त्याखाली सही कोणाची?"

"तुमची."

"मग झालं तर," संचालक म्हणाले, आणि कागदाची घडी घातली.

इतरांना दुपारच्या जेवणावर डुलकी लागते, तसे संचालकांना पाहुणे लागत. पाहुण्यांना ते यंत्रापाशी नेत. डब्याला वाटीएवढी काचेची खिडकी होती; तिच्याशी किंचित वाकून उभे राहिले की जांभळा उजेड गालावर पडे आणि माणूस विचारवंत दिसे. पाहुणे नसले तर ते एकटेच जात. विचारवंत दिसायला दर वेळी साक्षीदार लागतोच असे नाही.

*

"आधी डोळे मिटून बस," भिंगकाका म्हणाले. "अंधाराची सवय होऊ दे."

भिंगकाका सूक्ष्मदर्शकाच्या खोलीचे प्रमुख होते आणि त्या खोलीत दुसरे कोणी नसल्यामुळे कर्मचारीही तेच. निवृत्ती जवळ आल्याने त्यांच्या जिभेला आता हाड उरले नव्हते. त्यांनी स्फटिकाची कड वर करून ठेवली, तिच्यावर हिरवा लेसर सोडला आणि बराच वेळ भिंगाला डोळा लावून बसले.

"काय दिसतंय, काका?"

"पोरी, तुझा हिरा कोणीतरी वहीसारखा आखलाय."

बाईंनी पाहिले. अंधारात काळ्याभोर दिसणाऱ्या हिऱ्यात खालपासून वरपर्यंत बारीक लाल रेघा होत्या. सारख्या अंतरावर, समांतर. नायट्रोजन जिथे जिथे शिरला होता, तिथे तिथे हिरा हिरव्या उजेडाला लाल उत्तर देत होता.

"यंत्र झिजून हवा गळत असती, तर सगळाच गढूळ दिसला असता," भिंगकाका म्हणाले. "ही मेली रोज ठरल्या वेळी गळलीय. गळती नाही ही. हजेरी आहे."

"आणि इथे मध्ये रेघच नाही."

"आठवड्याभराची वाढ दिसतेय. कोण नव्हतं तेव्हा?"

बाईंनी आठवून पाहिले. "साहेब. परदेशी गेले होते, बीजभाषण द्यायला."

"विषय?"

"संशोधनातील सचोटी."

भिंगकाका हसले नाहीत. त्यांनी भिंग काढले, पुसले आणि परत बसवले. "आणि हा वरचा जाड पट्टा?"

"शिष्टमंडळ आलं होतं त्या दिवशी."

"भाषण लांबलं म्हणायचं."

दोघे वर कक्षात आले. यंत्र थंड होते, पण नळ्या जागच्या जागी होत्या. संचालक उभे राहत तिथे बाई उभ्या राहिल्या, खिडकीशी वाकल्या, आणि हात आपोआप आधार शोधू लागला. तो मिळाला. वायू आत नेणारी बारीक नळी डाव्या कोपराखाली बरोबर येत होती, आणि तिचा सांधा तेवढ्याच जागी चकाकत होता. कोटाच्या बाहीने घासून घासून. बाईंनी डबा निर्वात करून गळती मोजायचे उपकरण लावले आणि सांध्यावर कोपर टेकले. काटा हलला. कोपर उचलले, काटा परत जागेवर. वाढ चालू असताना नळीच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमीच असे, त्यामुळे सांधा कणभर कलला तरी वायू बाहेर येत नसे, बाहेरची हवाच आत ओढली जाई. धोक्याची घंटा वाजली नव्हती ती म्हणूनच.

"झालं," भिंगकाका म्हणाले. "ठेव हे परीक्षकांपुढे."

"ठेवते. ते म्हणतील, कोपर बाईंचं."

"आणि तो कोरा आठवडा?"

"त्या आठवड्यात मीही तापाने घरी होते, काका. यंत्र आपलं आपण चाललं होतं. तुम्हीच बाहेरच्या काचेतून आकडे वाचून मला फोनवर सांगत होता."

भिंगकाकांनी तो चकाकता सांधा अंगठ्याने पुसून पाहिला.

"इतकं सगळं लिहून ठेवलंय पठ्ठ्याने हिऱ्यात," ते म्हणाले, "सही तेवढी राहिली."

*

सासूबाई वाटाणे सोलत बसल्या होत्या. त्या शाळेत चित्रकला शिकवीत. निवृत्त झाल्या त्याला बराच काळ लोटला, तरी समोर येणाऱ्या प्रत्येकाकडे, हा उद्या रंगपेटी विसरून येणार, अशाच नजरेने पाहत.

"नापासाचं प्रगतिपुस्तक आणल्यासारखं तोंड का ते?"

बाईंनी पिशवी ठेवली, समोर बसून चार शेंगा ओढून घेतल्या आणि सगळे सांगितले. सासूबाईंनी मध्ये एकदाच तोंड उघडले.

"हिरे करतेस तू, आणि माझ्या कानात बघ. प्लास्टिक."

"तुमच्या कानात घालायचा हिरा नव्हता तो, आई."

"कळलं गं. दवाखान्यातला. पुढे सांग."

पुढचे सांगून झाल्यावर सासूबाईंनी विचारले, "त्या माणसाला तू काय विचारलंस? नेमके शब्द सांग."

"तुम्ही आत आला होतात का, असं."

"असं विचारतात होय?" सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला टाकली. "उभा जन्म वर्गात गेला माझा. भिंतीवर रेघोट्या कोणी मारल्या विचारलं, की अख्ख्या वर्गाची वाचा जायची. छड्या, उभं करणं, काही उपयोग नाही. एकदा मी कंटाळले. भिंतीकडे बघून नुसतं म्हटलं, काय सुरेख हात आहे हो, या घोड्याची शेपटी बघा. तर मागच्या बाकावरून एकजण उठला. म्हणतो कसा, बाई, आयाळपण मीच काढलीय."

"मग?"

"मग काय. शाबासकी दिली आणि सगळी भिंत पुसून घेतली त्याच्याकडून."

आतल्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला. "आई, ती गोष्ट किती वेळा सांगशील?"

"तू गप्प बस. आयाळ तुझीच होती."

बाईंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली तशीच राहिली. सासूबाईंनी ती काढून घेतली आणि दाणे भांड्यात टाकले.

*

बाहेरच्या परीक्षक कापडी बूट घालून आल्या. पांढरे केस कानाशी कापलेले, हातात छत्री, चेहऱ्यावर कोणाचेच स्वागत नको असल्याचा भाव. संचालकांनी अहवाल पुढे केला. वरची सही तेवढी पाहून तो त्यांनी न उघडता काखेत धरला.

"आधी वस्तू दाखवा," त्या म्हणाल्या. "कागद काय, पळून जात नाहीत."

भिंगकाकांच्या खोलीत एवढी माणसे कधी मावली नव्हती. परीक्षक भिंगाशी बसल्या. मागे संचालक, त्यांच्या मागे कागद छातीशी धरलेले प्रशासन अधिकारी, आणि दाराशी बाई. अंधारात लेसरच्या पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. परीक्षकांनी स्फटिक थोडा सरकवला, पुन्हा सरकवला.

"हे कोणी केलं?" शेवटी त्यांनी विचारले.

"चौकशी त्याचीच आहे," संचालक हळहळत्या स्वरात म्हणाले. "दुर्दैवाने आमच्या बाईंची सदोष हाताळणी. अहवालात सविस्तर..."

"सदोष?" परीक्षकांनी डोळा भिंगावरून काढला नाही. "किरण मोजायला हा दगड फुकट गेला, हे खरं. पण आमच्या कामात लोक नेमक्या ह्यासाठी डोकं फोडून घेतात. शुद्ध हिऱ्यात नायट्रोजनचा पातळ पडदा. नायट्रोजनचा अणू, शेजारी एक मोकळी जागा, अशी जोडी जमली की ती चुंबकत्व हुंगते. हृदयाच्या ठोक्याचं, मेंदूतल्या पेशीचं. क्वांटम, क्वांटम म्हणून जो गजर चाललाय ना, त्यातलं बरंचसं ह्या जोडीवर उभं आहे. पडदा जितका पातळ तितका चांगला. आणि इथे एकावर एक, सारख्या अंतरावर, इतके; मध्ये सातेक रेघांची जागा तेवढी कोरी. पहिल्या खेपेला असं येत नाही कोणाला." त्यांनी मान वर केली. "तुम्ही केलंत, बाई?"

संचालकांचा श्वास ऐकू आला.

बाई दारातून एक पाऊल पुढे आल्या. "अहवालात माझं नाव आहे," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगायचं तर मला हे जमलं नसतं. रोज तीच वेळ, तोच दाब, उचलणंही तितकंच हलकं. मी यंत्राची देखभाल करते. हे काम सराव असलेल्या माणसाचं आहे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. त्या इमारतीत त्या महिन्यात असे प्रथमच घडत होते.

"झडप कोणती वापरली?" परीक्षकांनी विचारले.

"झडप नाही. नळीच्या सांध्यावर भार दिलाय. किती द्यायचा, ते ज्याचं त्याला ठाऊक."

"वा," परीक्षक म्हणाल्या, आणि ती 'वा' कोणाला द्यावी हे न कळून त्यांनी अंधारात इकडेतिकडे पाहिले.

ती 'वा' खोलीत निराधार लटकत राहिली. अध्यक्षपदे, मानपत्रे, शाली, फलकावरची नावे, यांपैकी काहीही असे बेवारस पडलेले पाहण्याची संचालकांना सवय नव्हती. त्यांचा उजवा हात हळूच डाव्या कोपराकडे गेला. प्रशासन अधिकाऱ्यांनी ते पाहिले आणि डोळे मिटून घेतले.

"एक मिनिट," संचालक म्हणाले. "तो अहवाल... तो मसुदा आहे. कच्चा."

"पक्की सही आहे त्यावर," परीक्षक म्हणाल्या.

"सही पक्की आहे, मसुदा कच्चा आहे." संचालकांनी घसा साफ केला. "असं आहे, काही तंत्रं संस्थेला गोपनीय ठेवावी लागतात. स्वतःच्या समितीपासूनसुद्धा." मग ते प्रशासन अधिकाऱ्यांकडे वळले. "मी आता जे बोलतो ते इतिवृत्तात घ्या. शब्दशः. सारांश नको."

"साहेब," प्रशासन अधिकारी कळवळून म्हणाले, "उद्या घेतलं तर?"

"आत्ता."

भिंगकाकांनी तत्परतेने दिवा लावून दिला. संचालक बोलले. प्रशासन अधिकाऱ्यांनी त्या प्रकरणात पहिल्यांदाच खरोखर नोंद घेतली आणि तिच्याखाली संचालकांनी, कोणी न मागता, सही केली.

"पुन्हा करून दाखवता येईल?" परीक्षकांनी विचारले.

"केव्हाही. चला ना, वरच जाऊ."

वर कक्षाच्या दाराशी परीक्षक बुटाची नाडी बांधायला वाकल्या, आणि उठताना त्यांची नजर दारावरच्या फलकावर गेली. तो त्यांनी चष्मा वर करून, सावकाश, मोठ्याने वाचला.

"'वाढ चालू असताना परवानगीखेरीज आत येणाऱ्या व्यक्तीचा, ती कोणत्याही पदावर असो, या कक्षातील प्रवेश कायमचा रद्द करण्यात येईल.' चांगला नियम आहे. खाली सही कोणाची?"

"माझीच," संचालक म्हणाले. कौतुकाची ऊब अजून उतरली नव्हती.

परीक्षकांनी बाईंकडे पाहिले. "यांना तुम्ही परवानगी दिली होती?"

"कोणी मागितली नव्हती."

संचालकांचा हात दाराच्या मुठीवर होता. तो त्यांनी काढला आणि खिशात घातला. मग दुसऱ्या खिशात घातला. प्रशासन अधिकाऱ्यांनी कार्यालयातली किल्ली आपल्या जुडग्यातून सोडवली. कडी घट्ट असल्यामुळे त्याला थोडा वेळ लागला, आणि तेवढा वेळ सगळे त्यांच्या नखाकडे पाहत उभे राहिले.

अहवाल मागे घेण्यात आला. यंत्र क्वांटम केंद्राकडे गेले नाही. ज्या खोलीत प्रमुखालाच प्रवेश नाही ती खोली केंद्राला कशी जोडायची, यासाठी प्रशासनाला अजून नियम सापडलेला नाही. रेघांचा हिरा परीक्षक कापसात गुंडाळून अभ्यासाला घेऊन गेल्या. भांडाराच्या देखरेखीची जागा रिकामीच राहिली.

बाईंनी नळीचा सांधा बदलला, त्यावर एक पत्र्याची टोपी बसवली आणि मग रुग्णालयाला फोन केला.

"पुन्हा पहिल्यापासून?" पलीकडून भौतिकतज्ज्ञाने विचारले.

"पुन्हा पहिल्यापासून."

"इथे लोक थांबलेत, बाई."

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. ज्यांनी हे संचालकांना सांगायला हवे होते अशी माणसे त्या इमारतीत पुष्कळ होती, आणि त्यांतल्या प्रत्येकाने दार धरले होते किंवा डोळे मिटले होते. बाईंनी नवी चकती ठेवली, डबा बंद केला. थोड्या वेळाने काचेत जांभळा उजेड उमटला. तो पाहायला त्या वाकल्या तेव्हा त्यांनी दोन्ही हात पाठीमागे धरले होते.

घरी सासूबाईंनी एवढेच विचारले, "भिंत पुसून घेतलीस का?"

बाईंनी पिशवीतून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. दोन्ही.

संचालकांचे निवेदन इतिवृत्तात आहे. त्यांच्याच आग्रहावरून ते शब्दशः घेतलेले असल्यामुळे त्यात काना-मात्रेचाही फरक करता येत नाही:

"हे सर्व मी स्वतः केले आहे. वाढीच्या संपूर्ण काळात, रोज दुपारी, जेवणानंतर, कक्षात जाऊन, डाव्या कोपराने. परदेशी होतो तेवढे दिवस रेघ नाही, यावरूनच सिद्ध होते की माझ्याशिवाय हे काम इथे कोणालाही जमत नाही. बाईंचा यात काडीचाही हात नाही, तेव्हा त्यांचे नाव कुठेही येऊ नये. जे काही झाले आहे ते केवळ माझ्यामुळे झाले आहे, आणि तशी नोंद माझ्याच नावावर व्हावी."